जुन्या मोटारीचा गंज : समज आणि वस्तुस्थिती

जुनी मोटार नव्याने उभी करताना गंजावर बराच पैसा आणि श्रम खर्च होतात, आणि तरीही रंगकाम होऊन एक-दोन पावसाळे उलटतात न उलटतात तोच चाकाच्या कमानीवर रंगाला फुगे येऊ लागतात. अशा वेळी दोष रंगाला दिला जातो, पण बहुधा मूळ चूक गंजाविषयीच्या समजुतींत असते.

गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि प्राणवायू यांच्या संयोगातून तयार होणारे जलयुक्त लोह-ऑक्साइड. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर घट्ट बसून खालच्या धातूचे रक्षण करतो; लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो, मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि पापुद्रे सोडत खालचा ताजा धातू पुन्हा उघडा पाडतो.

गंज बाहेरून आत शिरतो, ही सर्वांत महाग पडणारी समजूत आहे. मुंबईच्या रस्त्यांवर २०२३पर्यंत टॅक्सी म्हणून धावलेली प्रीमिअर पद्मिनी १९५३ सालच्या फियाट ११०० या गाडीच्या घराण्यातली असून तिला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा, आणि त्याची ताकद दारांखालच्या पोकळ तुळयांवर पुष्कळ अवलंबून असते. काचेच्या जुनाट रबरातून झिरपलेले पाणी या पोकळीत उतरते, निचऱ्याची भोके चिखलाने बुजलेली असली की तिथेच साचते आणि पत्रा आतून खाते. बाहेर दिसणारा फुगा हा त्यामुळे आजाराचा अखेरचा टप्पा असतो. जाणकार कारागीर अशा जागी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून पाहतात आणि फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवतात. चुंबक जिथे धरत नाही तिथे रंगाखाली पत्र्याऐवजी लांबी भरलेली असते.

गंजलेल्या पत्र्याला पाणी लावूच नये, हाही असाच समज. किनारपट्टीवरच्या गाडीत गंजाच्या बारीक खड्ड्यांत मीठ दडलेले असते, ते पॉलिश पेपरने निघत नाही, आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की हवेतलेच पाणी ओढून विरघळू लागते. कोकणातल्या पावसाळ्यात याहून जास्त आर्द्रता नित्याचीच असल्याने असा पत्रा घासल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, लगेच गरम हवेने कोरडा करून, त्याच दिवशी प्रायमरखाली घ्यावा लागतो.

‘रस्ट कन्व्हर्टर’ लावला की गंज जिरतो, असे म्हणतात. या द्रावणातील टॅनिक किंवा फॉस्फरिक आम्ल गंजाचे तुलनेने स्थिर अशा लोह-संयुगांत रूपांतर करते हे खरे. परंतु ही क्रिया वरच्या पातळ थरापुरतीच चालते, सुटे पापुद्रे आधी खरवडून काढावे लागतात, आणि चाळण झालेल्या पत्र्याला ताकद कोणतेही रसायन परत देत नाही. तिथे कापून नवा पत्रा वेल्ड करणे हाच उपाय.

आम्लाच्या टबात सगळे भाग बुडवण्याची घाई तर थेट धोक्याची आहे, कारण आम्ल आणि पोलाद यांच्या अभिक्रियेत सुटणारा हायड्रोजन अतिकठीण पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो, आणि अशी स्प्रिंग किंवा उच्च ताणाचा बोल्ट पुढे भार आल्यावर पूर्वसूचना न देता तुटू शकतो. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जरने वीज सोडून गंज काढण्याची पद्धत लहान भागांसाठी उत्तम आहे, पण तिथेही भाग ऋण टोकाला जोडला जातो, म्हणजे हायड्रोजन त्याच्याच पृष्ठावर सुटतो, म्हणून स्प्रिंगा यातही घालू नयेत. धन टोकाला साधे लोखंड लावावे. स्टेनलेस स्टील झिजत नाही म्हणून ते वापरले, तर त्यातील क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरते. टब उघड्यावर असावा, हे वेगळे सांगायला नको.

रेड ऑक्साइड मारले की काम झाले, ही गॅरेजमधली जुनी श्रद्धा आहे. साधा रेड ऑक्साइड प्रायमर वरचा रंग धरून ठेवतो, पण एकटा उघडा राहिला तर ओलावा त्यातून आत जातो. लांबीचेही तसेच, कारण तिच्यातील टाल्क पाणी शोषते. त्यामुळे स्वच्छ धातूवर आधी इपॉक्सी प्रायमर, त्यावर लांबी, असा क्रम अधिक भरवशाचा ठरतो.

गाडीखाली जळके ऑइल फवारण्याची चाल स्वस्त असली तरी ते पावसात धुपते, जमिनीत मुरते आणि सस्पेन्शनची रबरी बुशे फुगवते. रबरी अंडरकोटिंग टिकाऊ खरे, पण ते गंजावरच फासले तर एखादी चीर पडताच आत गेलेले पाणी बाहेर पडत नाही आणि वरून सारे ठाकठीक दिसत राहते. पोकळ भागांत लांब नळीने सोडायचे पातळ मेण वेल्डिंग आणि रंगकाम पूर्ण झाल्यावरच वापरावे, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने ते जळून जाते. आणि ते सोडल्यावर निचऱ्याची सगळी भोके तारेने टोचून मोकळी आहेत याची खात्री करावी, नाहीतर तेच मेण तिथे गोठून पाण्याची वाट अडवते.