पॅरिसच्या पोटातील अस्थिगृह

अँटवर्पच्या हिरेबाजारामुळे अनेक जैन कुटुंबांचे आप्त बेल्जियममध्ये स्थायिक झाले आहेत. त्यांच्याकडे गेलेले पाहुणे विल्राइकच्या जिनमंदिरात दर्शन घेतात आणि पुढे बहुधा पॅरिस गाठतात. आयफेल मनोरा, लूव्र यांबद्दल कोणाचे दुमत नसते. तरुण मंडळी यादीत ‘कॅटाकोम्ब’ हे नाव घालतात, तेव्हा मात्र घरात वाद होतो. सहलीला येऊन, लेकरांना घेऊन हाडांच्या ढिगाऱ्यात कशाला जायचे, हा आजीचा प्रश्न अगदीच अनाठायी नाही.

ही जागा मुळात दफनभूमी नव्हे. पॅरिसच्या जुन्या वास्तू ज्या चुनखडीच्या दगडाने बांधल्या, त्याच्या या खाणी. शहरातील सेंट-इनोसाँ ही पुरातन दफनभूमी ले आलच्या बाजारपेठेला लागून होती. तेथे एकेका खड्ड्यात असंख्य प्रेते पुरली जात. शेजारीच धान्य-भाजीचा व्यापार चाले. १७८० मध्ये प्रेतांच्या भाराने लगतच्या एका तळघराची भिंत कोसळली, तेव्हा कोठे ही दफनभूमी बंद झाली. ७ एप्रिल १७८६ रोजी खाणींचे विधिपूर्वक पवित्रीकरण झाले. रात्रीच्या वेळी काळ्या वस्त्राने झाकलेल्या गाड्या निघत आणि सोबत धर्मगुरू प्रार्थना म्हणत चालत. शहरातील इतर दफनभूमींच्या अस्थीही पुढे येथेच आल्या. खाणींचे निरीक्षक एरिकार द त्युरी यांनी १८१० च्या सुमारास त्या अस्थी रचून त्यांच्या भिंती उभारल्या.

साठ लक्षांहून अधिक माणसांचे अवशेष येथे आहेत. फलकांवर आढळते ते दफनभूमीचे नाव आणि अस्थी आणल्याची तारीख. माणसाचे नाव नाही. पेढीच्या भाषेत सांगायचे तर एकूण बेरीज आहे, खातेवार नोंद नाही. राज्यक्रांतीत हजारोंना गिलोटिनवर पाठविणारा रोब्सपिएर याच्या अस्थीही याच ढिगांत मिसळल्याचे मानले जाते. पण कवटी सावकाराची की हमालाची, हे कोण ओळखणार? अनित्य व अन्यत्व भावना पाठशाळेत पाठ केलेल्या मुलाला येथे त्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे देहाला अग्नी देतात, अस्थी जपून ठेवीत नाहीत. तरीही श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर सल्लेखना घेतलेल्यांची नावे शिलालेखांत कोरली आहेत. देह सोडला आणि नाव राखले. पॅरिसमध्ये घडले ते नेमके उलटे.

तेव्हा जावे की न जावे? समजत्या वयाच्या मुलांना अवश्य न्यावे. लहानग्यांना नेऊ नये. आजीला परतल्यावर स्नान करावेसे वाटले, तर त्यावर कोणी हसू नये.

उतरताना १३१ पायऱ्या, चढताना ११२. खोली सुमारे वीस मीटर, आत दीड किलोमीटरची चाल आणि बाराही महिने १४ अंशांच्या आसपास तापमान. गुडघेदुखी असणाऱ्यांनी वरच थांबावे. अस्थींना हात लावण्यास मनाई आहे. बाहेर पडण्याच्या वाटेवर एक दुकान लागते. कवटीची चित्रे असलेल्या त्यातील वस्तूंत घरी आणण्याजोगे काही नाही. बाहेर पडण्याचा मार्ग प्रवेशद्वारापाशी नसून दुसऱ्याच रस्त्यावर आहे. वर थांबणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवावे.