वितळतार

जुन्नर तालुक्यातील ओतूरच्या परिसरात रात्री भाजीपाला भरून निघालेली जुनी पिक-अप गाडी माळशेज घाट उतरते व कल्याणच्या वाटेला लागते. घाटात एका अंगाला उभा कडा, तर दुसऱ्या अंगाला खोल दरी. पावसाळ्यात त्यात धुक्याची भर पडते. अशा वेळी चालकाचा सारा भरवसा पुढच्या दोन दिव्यांवर असतो. ते दिवे अकस्मात विझले, तर केवढा अनर्थ ओढवेल! आणि ते विझू नयेत म्हणून भलताच उपाय केला व गाडीनेच पेट घेतला, तर? या दोन्ही संकटांशी एका लहानशा वस्तूचा निकटचा संबंध आहे. ती गाडीतील एका पेटीत बसविलेली असते. तिला वितळतार म्हणतात. व्यवहारात आपण तिला फ्यूज या नावाने ओळखतो.

मुलांनो, अशा गाडीच्या बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट असतो. घरातील विजेचा दाब सुमारे २३० व्होल्ट असतो. त्यामुळे गाडीतील वीज अगदी निरुपद्रवी असावी, असे तुम्हांला वाटेल. तिचा धक्का सहसा जाणवत नाही, हे खरे. परंतु तार तापते ती तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहामुळे. आणि हीच बॅटरी इंजिन सुरू करतेवेळी शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह पुरविते. एवढा प्रवाह दिव्याच्या बारीक तारेतून वाहू लागला, तर ती पाहता पाहता लाल होईल.

तो तसा वाहू कसा लागतो? गाडीत बॅटरीपासून दिव्यापर्यंत तार नेलेली असते. पण परतीच्या वाटेसाठी बहुधा निराळी तार नसते. गाडीचा लोखंडी सांगाडा हीच परतीची वाट. गाडी जुनी झाली, की इंजिनाच्या उष्णतेने तारांवरील वेष्टन कडक होते व त्याला भेगा पडतात. एखादी तार पत्र्याच्या कडेवर घासत राहते. एके दिवशी तिचे उघडे तांबे सांगाड्याला टेकते. मग प्रवाहाला दिव्यापर्यंत जाण्याचे प्रयोजनच उरत नाही. त्याला अडविणारा दिव्याचा रोध वाटेत नसल्यामुळे तो लोंढ्यासारखा धावू लागतो. यालाच शॉर्ट सर्किट म्हणतात. जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास असे दाखवून दिले, की प्रवाह दुप्पट झाला असता तारेतील उष्णता दुप्पट नव्हे, तर चौपट होते. प्रवाह दसपट झाला, तर उष्णता शंभरपट!

या लोंढ्याला थोपविण्याची युक्ती मोठी मौजेची आहे. तारेच्या वाटेवर एक जागा मुद्दाम दुबळी ठेवावयाची. तेथे बारीक किंवा सहज वितळणाऱ्या धातूचा तुकडा बसवावयाचा. तांबे वितळावयास सुमारे १०८५ अंश सेल्सिअस तपमान लागते. जस्त सुमारे ४२० अंशांवरच वितळते. प्रवाह मर्यादेबाहेर गेला, की तांब्याची तार धोक्यात येण्यापूर्वी हा तुकडा वितळतो, वाट तुटते आणि प्रवाह थांबतो. विजेच्या दिव्यांचा प्रसार करणारे थॉमस एडिसन यांना फ्यूजच्या एका रचनेबद्दल १८९० साली अमेरिकेत पेटंट मिळाले. मोटारगाडी त्या वेळी बाल्यावस्थेत होती.

फ्यूज दिव्याचे रक्षण करतो, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तो प्रथम रक्षण करतो तारेचे. म्हणून फ्यूजवर जो अँपिअरचा आकडा लिहिलेला असतो, तो तारेच्या शक्तीशी जुळला पाहिजे. एक उदाहरण घ्या. ६० वॅटचे दोन दिवे मिळून १२० वॅट झाले. त्यांना १२ व्होल्टांनी भागले, की १० अँपिअर प्रवाह येतो. तारेतून १५ अँपिअर प्रवाह निर्धास्तपणे वाहू शकत असेल, तर तेथे १५ अँपिअरचा फ्यूज योग्य होय. उद्या कोणी तेथे दुप्पट शक्तीचे दिवे बसविले, तर प्रवाह २० अँपिअर होईल व फ्यूज उडेल. त्यावर तेथे ३० अँपिअरचा फ्यूज घातला, तर दिवे खुशाल लागतील. परंतु आता तार तापू लागली तरी फ्यूज स्वस्थ बसेल. जाड तार टाकल्याखेरीज मोठा फ्यूज घालणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपेचे औषध देण्यासारखेच आहे. फ्यूजच्या जागी चांदीचा कागद गुंडाळणे किंवा तांब्याची तार पिळून घालणे, हे तर त्याहून घातक. मग वितळण्याचे काम फ्यूजऐवजी तारेवर येते, आणि ती तार कधी आसनाखालून गेलेली असते, तर कधी इंधनाच्या नळीजवळून.

जुन्या गाडीतील फ्यूजची पेटीच बदलावी लागते, ती कशासाठी? अशा अनेक पेट्यांत काचेच्या नळीतील फ्यूज पितळी चिमट्यांत धरलेले असतात. ओलीमुळे चिमट्यांवर हिरवट थर चढतो आणि धक्क्यांनी त्यांची पकड सैल होते. अशा सैल जागी रोध वाढतो व तेथेच उष्णता निर्माण होते. प्रवाह मात्र वाढलेला नसतो. म्हणून फ्यूज शाबूत राहतो आणि पेटी करपू लागते! दुसरा दोष असा, की काही जुन्या गाड्यांत फ्यूज मोजकेच असत. एकाच फ्यूजवर अनेक दिवे विसंबून असले, तर एका तारेतील दोषाने सारेच दिवे एकदम विझतात.

१९७०-८० च्या दशकात पात्यांचे फ्यूज प्रचारात आले. त्यांची दोन चपटी पाती खाचेत घट्ट बसतात, आणि रंगावरून त्यांची शक्ती ओळखता येते : तांबडा १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. जुन्या पेटीच्या जागी अशी नवी पेटी बसविताना जाणता कारागीर पुढच्या दोन दिव्यांना दोन निराळे फ्यूज देतो. एक उडाला, तरी दुसरा दिवा वाट दाखवितो. बॅटरीपासून पेटीपर्यंतची मुख्य तारही उघडी राहू नये, म्हणून तो बॅटरीच्या अगदी जवळ एक मोठा फ्यूज बसवितो. कारण कोणताही फ्यूज आपल्या पुढच्या तारेचे रक्षण करतो, मागच्या तारेचे नव्हे.

त्याच्या कामाची रीतही पाहण्याजोगी असते. आरंभी तो बॅटरीचे ऋण टोक सोडवितो. हे टोक सांगाड्याला जोडलेले असल्यामुळे ते सुटले, की पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. मग प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधून ती कोठून कोठे जाते, हे तो वहीत टिपतो. करपलेल्या तारा तो काढून टाकतो. तारेची जाडी पाहून तो फ्यूज ठरवितो. आणि सर्व जोडून झाल्यावर एकेक दिवा लावून कोणती जागा तापते का, हे पारखतो. हे काम अनुभवी माणसाचे आहे. मुलांनी त्यात हात घालू नये. परंतु त्यामागील विचार मात्र तुम्ही अवश्य ध्यानी घ्यावा.

फ्यूज उडणे हा बिघाड नव्हे. बिघाड झाल्याची ती वर्दी आहे. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच आकड्याचा नवा फ्यूज घातला आणि तोही लगेच उडाला, तर तिसरा घालण्यापूर्वी दोष शोधावा. दोन-चार रुपयांचा तो तुकडा वितळतो, म्हणून गाडी वाचते, माल वाचतो आणि चालक सुखरूप घरी येतो. वर्दी देणाऱ्याचे तोंड बंद केल्याने संकट टळत नाही. ते केवळ न सांगता येते.