घरचीं बिलें : कार्डावर कीं खात्यांतून?

हल्लीं विजेचें बिल, मोबाईलचें रिचार्ज, विम्याचा हप्ता, मुलांच्या शाळेची फी, हीं देणीं रांगेंत उभें न राहतां परस्पर चुकतीं करण्याची सोय खेड्यापाड्यांपर्यंत पोहोंचली आहे. त्यांत मुख्य मार्ग दोन. एक, बँकेस कायमची आज्ञा देऊन आपल्या खात्यांतून ठरल्या तारखेस रक्कम वजा होऊं देणें. यास व्यवहारांत ऑटो-डेबिट म्हणतात. दुसरा, बिलें क्रेडिट कार्डावर टाकून कार्डाचा एकत्र हिशेब मागाहून चुकविणें. यांपैकीं कोणता मार्ग बरा, असें सभासद वारंवार विचारतात. शहरांतील पगारदारास याचें उत्तर एक आहे व शेतकऱ्यास दुसरें आहे, हें या लेखांत दाखविण्याचा आमचा विचार आहे.

पगारदाराचा पैसा महिन्यास येतो व बिलही महिन्यासच येतें. शेतकऱ्याचें तसें नाहीं. सोयाबीन विकलें जातें तें दिवाळीच्या मागेंपुढें. उसाची किंमत गाळपाचा माल पोहोंचल्यापासून १४ दिवसांत द्यावी असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे खरा, परंतु ऊस तुटतो तो वर्षांतून एकदांच. महसूल खात्याच्या कारकुनींत आमची हयात गेली. शेतसारा हें सरकारी देणें असूनही तें कोणी महिन्याच्या महिन्यास मागत नसे. त्याचे हप्ते हंगाम पाहून पडत. वीज कंपनी किंवा विमा कंपनी अशी वाट पाहत नाहीं. पैशाचा हंगाम व बिलाची तारीख यांमधील हें अंतर कोणी भरून काढावयाचें, हाच खरा प्रश्न आहे.

प्रथम कार्डाचा विचार करूं. क्रेडिट कार्ड म्हणजे अल्प मुदतीची उधारी होय. समजा, कार्डाचा हिशेब दरमहा ५ तारखेस निघतो व पैसे भरण्याची शेवटची तारीख २५ आहे. तर ६ जूनला भरलेल्या बिलाचे पैसे २५ जुलैस द्यावयाचे, म्हणजे ४९ दिवसांची बिनव्याजी सवड मिळाली. तेंच बिल ४ जूनला भरलें असतें तर सवड २१ दिवसांचीच. शेवटच्या तारखेस संपूर्ण रक्कम भरणाऱ्यास हें कार्ड फुकट वापरावयास मिळतें. शिवाय चुकीची रक्कम लागली तर आपल्या खात्यांतील पैसा जाण्यापूर्वीं तक्रार करण्यास अवधि मिळतो. हे गुण नाकारण्याचें कारण नाहीं.

परंतु हिशेबाच्या कागदावर संपूर्ण रकमेशेजारीं 'किमान देय रक्कम' म्हणून एक लहानसा आंकडा छापलेला असतो. तेवढाच भरून भागलें असें ज्यास वाटतें तो फसतो. बाकी राहिली कीं बिनव्याजी सवड संपते व व्याज व्यवहाराच्या दिवसापासून चालूं होतें. पुढील नव्या बिलांसही सवड उरत नाहीं. पुष्कळ कार्डांचा दर महिन्यास साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे सालीना ४२ टक्के झाले. व्याजावर १८ टक्के जीएसटी निराळा.

एक हिशेब मांडून पाहूं. घरचीं बिलें दरमहा ३,००० रुपयांचीं आहेत, व जूनपासून ऑक्टोबरपर्यंतचीं पांचही कार्डावर टाकून नोव्हेंबरांत सोयाबीन विकल्यावर फेडावयाचीं असें कोणी ठरविलें. किमान रकमेचा भरणा, उशिराचा दंड व व्याजावरील व्याज हीं सोपेपणासाठीं बाजूस ठेवूं. ३,००० रुपयांवर एका महिन्याचें व्याज १०५ रुपये. जूनच्या बिलावर पांच महिने, जुलैच्या बिलावर चार, याप्रमाणें ऑक्टोबरच्या बिलावर एक, मिळून पंधरा महिन्यांचें व्याज १,५७५ रुपये. त्यावर जीएसटी सुमारें २८३ रुपये. म्हणजे १५,००० रुपयांचीं बिलें फेडण्यास १,८५८ रुपये जास्त लागले. एका महिन्याच्या बिलांतील निम्म्याहून अधिक रक्कम हवेंत गेली. शिवाय थकबाकीची नोंद पतमाहिती ठेवणाऱ्या कंपन्यांकडे जाते, व पुढें कर्ज मागतांना तीच नोंद बँकेच्या टेबलावर येते.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. १९९८ सालीं सुरू झालेलें किसान क्रेडिट कार्ड व हें बाजारचें क्रेडिट कार्ड यांचें नांव सारखें असलें, तरी जात निराळी आहे. किसान कार्ड हें पीककर्जाचें खातें असून त्याचा दर पुष्कळच कमी असतो. २०१२ च्या सुधारित योजनेंत तर घरखर्च व काढणीनंतरच्या गरजा यांसाठीं मर्यादेच्या १० टक्के रक्कम धरलेली आहे. ज्यास हंगामापर्यंत उसनवार केल्यावांचून गत्यंतरच नाहीं, त्यानें प्रथम या तरतुदीची चौकशी आपल्या बँकेंत करावी.

आतां ऑटो-डेबिट. यांत उधारी नाहीं, म्हणून व्याजही नाहीं. आपलाच पैसा आपल्या खात्यांतून जातो. परंतु खात्यांत शिल्लक नसेल तर वजावट परत फिरते. तेव्हां आपली बँक त्याबद्दल आकार लावते व बिलही थकतें, असा दुहेरी भुर्दंड बसतो. इतकेंच नव्हे, तर शिल्लक अपुरी असल्यामुळें देण्यापोटीं दिलेली अशी आज्ञा परत गेली, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ प्रमाणें तो न वटलेल्या चेकसारखाच गुन्हा ठरूं शकतो. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरली तर हा प्रसंग टळतो. म्हणून अशी नोटीस कधींही फडताळांत टाकून देऊं नये.

आज्ञा देतांना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, कमाल रकमेची मर्यादा. मीटरचें वाचन चुकून भलतेंच बिल आलें तरी मर्यादेपलीकडे पैसा जात नाहीं. दुसरी, आज्ञेची अखेरची तारीख. ती कोरी सोडूं नये. तिसरी, कोणतें खातें द्यावयाचें. ज्या खात्यांत सरकारी अनुदान किंवा मालाची पट्टी जमा होते तेंच खातें दिलें, तर बियाण्यासाठीं राखलेला पैसा न सांगतां बिलाकडे जातो.

कार्डावर किंवा यूपीआयवर कायमची आज्ञा दिली असल्यास रिझर्व्ह बँकेचा १ ऑक्टोबर २०२१ पासून अमलांत आलेला नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे. रक्कम वजा होण्यापूर्वीं निदान २४ तास आधीं सूचना आली पाहिजे, व त्या सूचनेवरून ती वजावट थांबविण्याची सोय पाहिजे. २०२२ च्या जूनपासून सर्वसाधारण बिलांस १५,००० रुपयांवर रक्कम असेल तर प्रत्येक वेळीं ग्राहकाची निराळी संमति लागते. ही सूचना मोबाईलवर येते, म्हणून बँकेंत नोंदलेला नंबर चालूं असावा. तसेंच कार्डाची मुदत संपून नवें कार्ड आलें, कीं आपल्या आज्ञा पुढें चालूं आहेत ना, याची खात्री करून घ्यावी. नाहींतर विम्याचा हप्ता चुकल्याचें महिन्यांनंतर कळतें.

महाराष्ट्रांत ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस एप्रिल २०२४ पासून सरकारनें वीजबिल माफ केलें आहे, तेव्हां विजेपुरता प्रश्न घरच्या मीटरचाच उरतो. महावितरणच्या घरगुती बिलावर लवकर भरल्यास किती, मुदतींत भरल्यास किती व मुदतीनंतर किती, असे आंकडे छापलेले असतात. कोणत्याही मार्गानें भरा, पण ते वाचून भरा. तसेंच कार्डानें भरतांना वरचा आकार किती लागतो, तें पैसे देण्यापूर्वीं पडद्यावर पाहावें.

आमचें मत थोडक्यांत असें. शेतकऱ्यानें पट्टी हातीं येतांच बारा महिन्यांच्या बिलांची बेरीज करावी. वरील उदाहरणांत ती ३६,००० रुपये होते. तेवढी रक्कम एका निराळ्या बचत खात्यांत टाकावी, व सर्व आज्ञा त्याच खात्यावर द्याव्या. एकदम जमत नसेल तर पुढील पिकापर्यंतच्या महिन्यांपुरती तरी टाकावी. दूध किंवा भाजीपाला यांचा पैसा आठवड्यास येतो त्यानें त्यांतूनच थोडथोडी भर घालावी. कार्ड ठेवावयाचें तर तें संपूर्ण रक्कम दरमहा भरण्याची ऐपत असणाऱ्यानें ठेवावें. बियाणें आपण आधीं बाजूला काढून मग धान्य खातों. घरच्या बिलांचा पैसाही तसाच आधीं बाजूला काढला, तर पावसाळ्यांत सावकाराकडे किंवा कार्डाकडे पाहण्याची पाळी येणार नाहीं.