उन्हाळ्यांतील रसाळ फळभाज्या व मळेकऱ्याचें आरोग्य

होळी झाली कीं आमच्याकडे ऊन तापूं लागतें. चैत्र-वैशाखांत विदर्भ व मराठवाडा या भागांत पारा ४५ अंशांपर्यंत, कधीं त्याहूनही वर चढतो. आणि उंसाची तोड, हळदीची काढणी, उन्हाळी नांगरट, विहिरीचा गाळ उपसणें अशीं अंगमेहनतीचीं कामें याच सुमारास शेतकऱ्यापुढें उभीं असतात. याच ऋतूंत काकडी, कलिंगड, खरबूज, दुध्या, दोडका हीं रसाळ पिकें मळ्यांत येतात, ही सोय कांहीं लहान नव्हे. परंतु पुष्कळ ठिकाणीं असें दिसतें कीं, तोडलेला सर्व माल पहांटेच गाडींत भरून बाजारास जातो, आणि ज्यांनीं तो पिकविला त्यांच्या दुपारच्या भाकरीशीं ठेचा व कांदा यांपलीकडे कांहीं नसतें. मालाचा भाव प्रत्येकास ठाऊक असतो. त्याचा आपल्या शरीरास काय उपयोग आहे, याचा विचार मात्र फारसा होत नाहीं. तो विचार येथें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शरीरशुद्धि कोण करितें?

काकडी, दुध्या, कोहळा व मुळा यांच्या शंभर भागांत सुमारें ९५ भाग पाणीच असतें. टोमॅटोही जवळजवळ त्याच पंक्तींत बसतो. कलिंगड व खरबूज यांत ९० किंवा त्याहून अधिक भाग पाणी असतें. उरलेल्या भागांत साखर, चोथा, क्षार व जीवनसत्त्वें येतात. आमच्या वैद्यकानें या पदार्थांचा विचार फार पूर्वीं केला आहे. भावप्रकाशासारख्या ग्रंथांत फळांचे व भाज्यांचे स्वतंत्र वर्गच पाडलेले आहेत. काकडी थंड व मूत्रल आहे, ही समजूत तर घरोघरच्या वृद्ध स्त्रियांसही अवगत आहे.

अलीकडे मात्र या गोष्टीस निराळेंच वळण लागलें आहे. अमुक रस सात दिवस प्याला म्हणजे शरीरांतील सर्व विष धुऊन निघतें, अशा जाहिराती शहरांतून खेड्यांत येऊन पोंचल्या आहेत. वाचकांनीं त्यांवर विश्वास ठेवूं नये. रक्त गाळण्याचें काम आपलीं दोन मूत्रपिंडें अहोरात्र करीत असतात. प्रौढ मनुष्याचीं मूत्रपिंडें दिवसाकांठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळतात. त्यांपैकीं बहुतेक सर्व शरीरास परत मिळतो आणि साधारण दीड ते दोन लिटर मूत्ररूपानें टाकाऊ क्षारांसह बाहेर पडतो. यकृत व आंतडीं आपापला वांटा उचलतात. रसाळ फळभाज्या स्वतः कांहीं धुऊन काढीत नाहींत. धुणाऱ्यास लागणारें पाणी व क्षार त्या पुरवितात, आणि त्यांतील चोथ्यानें कोठा साफ राहतो. रस गाळून चोथा टाकून देणें म्हणजे निम्मा लाभ उकिरड्यावर टाकण्यासारखें आहे. म्हणून फळ चावून खावें आणि भाजी भाजीच्याच रूपानें खावी. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसास रोज निदान ४०० ग्रॅम फळें व भाज्या सांगितल्या आहेत, आणि त्यांत बटाटा वगैरे पिठूळ कंद धरलेले नाहींत.

घामाचा हिशेब

उन्हांत कष्टाचें काम करणाऱ्या माणसाचा घाम तासाला एक लिटरपर्यंत जाऊं शकतो. अर्धा किलो काकडींतून पाणी मिळेल तें दोन पेल्यांइतकें. चार तासांच्या कामाची भरपाई केवळ काकडीनें करूं म्हटलें, तर चार किलोंहून अधिक काकडी खावी लागेल! यावरून हें उघड आहे कीं, रसाळ फळभाज्या पाण्यास पूरक आहेत, पाण्याच्या जागीं नव्हेत. मडकें भरलेलें असावेंच. तहान लागण्याची वाट न पाहतां थोडें थोडें पाणी प्यावें. लघवी गडद पिवळी व थोडी होऊं लागली, तर शरीरांत पाणी कमी पडत आहे असें समजावें.

या बाबतींत हयगय केल्यास काय होतें, याचें उदाहरण मध्य अमेरिकेंत पाहावयास मिळतें. एल साल्वाडोर देशांत मधुमेह किंवा रक्तदाब नसलेल्या तरुण शेतमजुरांचीं मूत्रपिंडें निकामी होत असल्याचें २००२ सालीं वैद्यांनीं प्रसिद्ध केलें. शेजारच्या निकाराग्वांतही ऊंसतोडणी करणारे कित्येक तरुण याच दुखण्यानें गेले. कारणांविषयीं अद्याप वाद आहे. तथापि कडक उन्हांतील अतिश्रम व शरीरांतील पाण्याचा वारंवार होणारा ऱ्हास हें त्यांतील एक प्रमुख कारण मानिलें जातें. पुढें तेथील कांहीं मळ्यांवर पाणी, विसावा व सावली यांची नियमित व्यवस्था करण्यांत आली, तेव्हां मजुरांच्या मूत्रपिंडांवरील आघात कमी झाल्याचें आढळलें. ज्या महाराष्ट्रांत दरवर्षीं बीडसारख्या जिल्ह्यांतून तोडकऱ्यांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे जातात, तेथील बागाइतदारानें ही हकीकत दूरदेशची म्हणून सोडून देऊं नये.

मिठाची जोड

घामाबरोबर मीठही जातें, आणि काकडी-कलिंगडांत मीठ जवळजवळ नसतेंच. शहाळ्याच्या पाण्यांत पोटॅशियम पुष्कळ असतें, पण मीठ थोडेंच. म्हणून काकडीच्या फोडींवर मीठ, कोशिंबिरींत मीठ, ताकांत मीठ हा आपला रिवाज शास्त्रास धरून आहे. मीठ व साखर योग्य प्रमाणांत एकत्र असलीं म्हणजे आंतडीं पाणी अधिक त्वरेनें शोषून घेतात. याच तत्त्वावर डॉ. दिलीप महालनबीस यांनीं १९७१ सालीं बंगालमध्यें बनगांव येथील निर्वासितांच्या छावणींत पटकीच्या हजारों रोग्यांस मीठ, सोडा व ग्लुकोज यांचें पाणी पाजून वांचविलें. जुलाब झाल्यास घरगुती उपाय म्हणून एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावें. अधिक मीठ कधींही घालूं नये. कैरीच्या पन्ह्यांतही मीठ व गूळ एकत्र येतात, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

मात्र रक्तदाबाच्या रोग्यानें मिठाचें, मधुमेह्यानें गोड फळांचें आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यानें शहाळें, टोमॅटो वगैरेंचें प्रमाण डॉक्टरांस विचारूनच ठरवावें. उन्हांत कोणी बरळूं लागला किंवा बेशुद्ध पडला, तर त्यास तोंडानें कांहीं पाजीत बसूं नये. सावलींत नेऊन अंग भिजवावें, वारा घालावा व विलंब न लावतां दवाखान्यांत पोंचवावें.

कडू दुध्याविषयीं इशारा

दुध्याचा रस औषध म्हणून पिण्याची चाल वाढली आहे. कडू रसानें विषबाधा होऊन मृत्यू घडल्यावर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनें या विषयाची चौकशी केली. तिचा निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. कुकर्बिटासिन नांवाचीं कडू द्रव्यें यास कारण होतात, आणि तीं शिजविल्यानेंही खात्रीनें नाहींशीं होत नाहींत. फोड जिभेस लावून पाहावी. कडू लागतांच फळ टाकून द्यावें. औषध कडूच असावयाचें, असें म्हणून तो रस घशाखालीं उतरवूं नये. रस पिऊन उलट्या, जुलाब किंवा रक्त पडणें सुरू झाल्यास रोग्यास तत्काळ दवाखान्यांत न्यावें. घरचें बीं धरणाऱ्यांनीं तर विशेष जपावें. जवळपास रानटी कडू भोपळ्याचा वेल असल्यास संकर होतो, आणि त्याचा दोष त्या वर्षींच्या फळांत न दिसतां पुढील वर्षीं त्या बियांच्या वेलांस लागणाऱ्या फळांत उतरतो.

घरचा वाफा

आमची सूचना एवढीच कीं, विहिरीजवळचा एक गुंठा घरासाठीं राखावा. चाळीस गुंठ्यांच्या एकरांत तो कोणासही जड जाणार नाहीं. जानेवारीच्या मध्यापासून पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानें काकडीचीं आळीं लावावीं, म्हणजे तोडा एकदम येऊन संपत नाहीं. दुध्या व दोडका मांडवावर चढवावेत. त्याखालीं मडकें ठेवून गड्यांच्या विसाव्याची जागाही होते. आळ्यांत कुजलेलें शेणखत द्यावें व वर पाचटाचें आच्छादन घालावें. काकडी व कलिंगड यांचीं फुलें सकाळीं उमलतात आणि फळधारणा मधमाशांवर अवलंबून असते. त्या वेळीं कोणतीही फवारणी करूं नये. फळमाशीसाठीं कामगंध सापळे लावावेत आणि किडकीं फळें खोल पुरावींत. कांहीं औषधें झाडाच्या अंगांत भिनतात, व तीं फळ धुऊन निघत नाहींत. म्हणून घरच्या वाफ्यावर तीं फवारूं नयेत, आणि बाजारच्या मालावरही डब्यावर लिहिलेले दिवस भरल्यावांचून तोडा करूं नये. फळ कापण्यापूर्वीं स्वच्छ पाण्यानें धुवावें. कापलेलें कलिंगड उघड्यावर ठेवूं नये. कोहळा मात्र कांहीं महिने टिकतो, तेव्हां तो घरांत राखून ठेवण्यास उत्तम.

या वाफ्याचा पहिला तोडा घरच्या माणसांस व शेतावर राबणाऱ्या गड्यांस मिळावा. बैलास पाणी दाखविल्यावांचून कोणीही शेतकरी औत जुंपीत नाहीं. तीच काळजी भर उन्हांत कोळपें धरणाऱ्या माणसाविषयीं घेतली गेली, तर एका गुंठ्याचें उत्पन्न बाजारांत गेलें नाहीं म्हणून मळेकऱ्याचें कांहींएक नुकसान होणार नाहीं, अशी आमची खात्री आहे.