अळू, शेवळं आणि व्हिएन्नाचा बागवान
परसातली झाडं, शास्त्रातली नावं : लेखांक ९

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे निघालं की काल्हेरच्या पुढे पूर्णा लागतं. रस्त्याला गोदामांची रांग आणि उभे ट्रक. पण गावात आत वळलं की जुन्या घरांमागे थोडे परस अजून शिल्लक आहेत. माझ्या आत्याच्या परसात न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू माजलेलं असतं. भिंतीपलीकडे एका गोदामाची कचेरी आहे. तिच्या दाराशी कुंड्यांतून डिफनबेकिया लावलाय. रुंद हिरवी पानं, त्यांवर पांढरट शिंतोडे. अलीकडचं पान आमच्या ताटात येतं, पलीकडचं तोंडात गेलं तर जीभ आणि घसा सुजतो.

दोन्ही झाडं एकाच कुलातली आहेत. शास्त्रात त्याला ॲरेसी म्हणतात आणि मराठी विश्वकोशात सुरण कुल. सुरण, अळू, शेवळं ही त्यातली खाण्याची मंडळी. डिफनबेकिया, कॅलेडियम, ॲन्थुरियम, मनीप्लँट ही शोभेची. या कुलातल्या बहुतेकांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक जुड्या बांधल्यासारखे असतात. पान चावलं की त्या सुया जिभेत, टाळ्यात घुसतात. अळूची खाज तीच आणि डिफनबेकियाचा दाहही त्यातूनच येतो.

अळूचं शास्त्रीय नाव कोलोकेशिया एस्क्युलेंटा. मागच्या लेखात पाहिलं तसं पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. एस्क्युलेंटा म्हणजे खाण्याजोगी. लिनिअसने 1753 साली याच झाडाला ॲरम एस्क्युलेंटम म्हटलं होतं. शेवट का बदलला, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये. आपण पांढरा घोडा, पांढरी गाय, पांढरं वासरू म्हणतो. लॅटिनमध्येही विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे चालतं. ॲरम नपुंसकलिंगी म्हणून एस्क्युलेंटम, कोलोकेशिया स्त्रीलिंगी म्हणून एस्क्युलेंटा.

हा बदल केला हाइनरिश विल्हेल्म शॉट या ऑस्ट्रियन माणसाने, 1832 मध्ये. व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्याच्या बागेत तो काम करायचा आणि पुढे तिथल्या शाही बागांचा प्रमुख झाला. ॲरेसी कुल हा त्याच्या आयुष्यभराचा ध्यास. डिफनबेकिया ही प्रजातीही त्यानेच मांडली आणि तिला त्याच बागेतल्या योसेफ डिफनबाख या बागवानाचं नाव दिलं. मला हे कळलं तेव्हा मी पुन्हा जाऊन ती भिंत पाहून आलो. तिच्या दोन्ही बाजूंच्या झाडांची नावं एकाच माणसाच्या हातची होती.

एवढं लांबचं नाव आपल्याला कशाला, असं आत्याने विचारलं. त्याचं उत्तर पूर्ण्यातच मिळतं. गोदामांत आणि भिवंडीच्या यंत्रमागांवर देशभरातून माणसं येतात. उत्तर प्रदेशातला याच झाडाला अरबी म्हणतो, बंगाली कोचू म्हणतो, तेलुगू विणकर चामा म्हणतो. गेल्या पावसाळ्यात हमालांपैकी एकाच्या बायकोने गोदामाच्या कुंपणालगतची मोठाली पानं अरबीची समजून खुडली. ती ॲलोकेशियाची होती. त्या शोभेच्या झाडाचं नावही कोलोकेशियावरूनच घडवलेलं आहे. आत्याने वेळीच पाहिलं म्हणून ती पानं पातेल्यात गेली नाहीत.

आत्याने ती ओळखली कशी? अळूचा देठ बहुधा पानाच्या कडेला न जुळता थोडा आत, पानाच्या पाठीवर जुळतो आणि पान खाली झुकतं. बागांतून दिसणाऱ्या थोरल्या ॲलोकेशियाचं पान मात्र टोक वर करून उभं असतं आणि देठ खाचेपाशीच येतो. शिवाय अळवावरचं पाणी. क्षणभंगुर गोष्टीसाठी आपण हा शब्दप्रयोग वापरतो, तो पानाच्या मेणचट, सूक्ष्म उंचवट्यांच्या पृष्ठभागावरून आलाय. थेंब पसरत नाही, मोत्यासारखा घरंगळतो. पण शंका असेल तर पान खाऊ नये, एवढं मी आग्रहाने सांगेन. आणि एस्क्युलेंटा म्हणजे कच्चं खाण्याजोगं नव्हे. फदफद्यात चिंच किंवा आंबट चुका पडतो, तो केवळ चवीसाठी पडत नाही.

मृगाच्या आसपास भिवंडीच्या बाजारात आदिवासी बाया शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळं म्हणजे पाऊस पडताच जमिनीतून वर येणारा, पानाआधीचा फुलोरा. नाव अमॉर्फोफॅलस कम्युटेटस, सुरणाच्याच प्रजातीतली जात. अमॉर्फोफॅलसमध्ये बेढब अर्थाचा ग्रीक शब्द आहे, कम्युटेटस म्हणजे बदललेला. या जातीचं वर्णन पहिल्यांदा शॉटनेच केलं, वेगळ्या प्रजातीत. आडॉल्फ एंग्लरने 1879 मध्ये ती सुरणाच्या प्रजातीत आणली. म्हणून नावापुढे कंसात शॉट आणि कंसाबाहेर एंग्लर लिहितात. कंसातला आधीचा, बाहेरचा नंतरचा. कुठलंही लांब नाव वाचताना एवढं ध्यानात ठेवलं की झाडाच्या नावाचा प्रवास कळतो. शॉटचं बहुतेक आयुष्य व्हिएन्नात गेलं, आपल्याकडची शेवळाची भाजी त्याने चाखली नसणार.

ती भाजी आत्या करते तेव्हा मी शेजारी बसतो. शेवळाच्या आतला पिवळा, दाणेदार भाग ती काढून टाकते, कारण तो खाजतो. मग बारीक चिरून, उकडून, काकडाच्या आंबट फळांचा रस घालते. काकडाशिवाय शेवळं चुलीवर चढवायचं नाही, हा या भागातल्या घरांचा नेम. काकडाचं शास्त्रीय नाव तिने यंदा स्वतःहून विचारलं. गरुगा पिन्नाटा, मी म्हटलं. पिन्नाटा म्हणजे पिसासारख्या पानांचं. कुल गुग्गुळाचं. आणि गरुगा हा लॅटिन शब्दच नाही. विल्यम रॉक्सबर्ग हा स्कॉटिश डॉक्टर आंध्राच्या किनाऱ्यावर झाडं गोळा करायचा, तिथल्या लोकांच्या तोंडचं तेलुगू नाव त्याने तसंच उचललं.

आत्याने हातातला काकड खाली ठेवला आणि शेजारच्या खोलीतल्या तेलुगू विणकराच्या बायकोला हाक मारली.