पाण्याच्या पोटातील लाटा

समुद्राची लाट म्हटली की किनाऱ्यावर फेस उधळीत फुटणारी लाट आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु समुद्रातील सर्वांत उंच लाटा पृष्ठभागावर नसतातच. त्या पाण्याच्या पोटातून चालतात आणि वरच्या नावाड्याला बहुधा त्यांचा गंधही नसतो.

1893 च्या ऑगस्टात नॉर्वेचे संशोधक नान्सेन यांचे 'फ्राम' हे जहाज सैबेरियाच्या किनाऱ्यालगत एकाएकी रेंगाळू लागले. समुद्र शांत, यंत्र चालू; तरी जहाज जणू कोणी मागे ओढून धरलेले! खलाशी अशा पाण्याला 'मृत जल' म्हणत. बर्फ वितळून झालेल्या हलक्या, गोड्या पाण्याचा थर तेथे जड खाऱ्या पाण्यावर पसरला होता. जहाज त्या दोन थरांच्या सीमेवर लाटा उठवीत होते, आणि यंत्राचे बळ त्यातच खर्ची पडत होते. स्वीडनचे एकमान यांनी टाकीत जहाजाची प्रतिकृती ओढून हे सिद्ध केले व 1904 मध्ये प्रसिद्ध केले.

अर्ध्या बाटलीत रंगीत पाणी घेऊन त्यावर गोडेतेल ओतावे व बाटली आडवी धरून हळूच डोलवावी. तेल आणि पाणी यांच्या सीमेवर उंच, संथ लाटा हेलकावे घेऊ लागतात. हवा व पाणी यांच्या घनतेत सुमारे 800 पटींचा फरक आहे. उलट समुद्रातील उबदार व थंड थरांच्या घनतेत हजारी दोन-चार भागांचाच. म्हणून उचललेले जड पाणी खाली खेचणारे बळ फार दुबळे असते, आणि लाट सावकाश पण प्रचंड उंच होते. अंदमानच्या समुद्रात सुमारे 80 मीटर उंचीच्या अशा लाटांची नोंद 1965 मध्ये प्रसिद्ध झाली. वर मात्र खळबळत्या पाण्याचे लांबच लांब पट्टे तेवढे दिसतात.

या लाटांची जननी म्हणजे भरती-ओहोटी. तिचे पाणी समुद्रबूड जमिनीच्या कडेवरून ये-जा करताना थरांना वरखाली करते. तेथून निघालेली लाट उथळ भागात शिरली की तिची पाठ उभी होत जाते आणि अखेर ती आतल्या आत फुटते. त्या घुसळणीत तळचे पोषक क्षार वर उजेडात येतात व त्यांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात. मासळीचे अन्न ते हेच. वरचा प्राणवायूही याच घुसळणीने खाली उतरतो.

गोव्याच्या किनाऱ्याकडे पाहिले म्हणजे या घुसळणीची किंमत कळते. पावसाळ्यात तेथे खोल समुद्रातील थंड, प्राणवायूने दरिद्री असे पाणी उथळ भागात चढते. त्यातच पावसाचे आणि नद्यांचे गोडे पाणी वर काही मीटर जाडीचे झाकण घालते. थरांतील फरक जितका मोठा, तितके त्यांना मिसळणे कठीण. तळाशी कुजणारे जैव द्रव्य उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाजवळ तो जवळजवळ नाहीसा होतो. तळची मासळी तेथून काढता पाय घेते. ज्यांना हलता येत नाही असे जीव गुदमरतात. पुढे हिवाळ्यात किनाऱ्याचा प्रवाह दिशा बदलतो, ते पाणी मागे सरते, आणि तळाला पुन्हा प्राणवायू मिळतो.