नाचता येईना, लॅपटॉप वाकडा!

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. मराठीत शेवटचा निबंध लिहिला तो दहावीला, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

टेक्निकल फेस्टला आठ दिवस उरले होते. युनिटीमध्ये मी एक छोटा गेम करत होते : जंगल, 300 झाडं आणि त्यात हरवलेली एक शेळी. एका रात्री एडिटरची पार बैलगाडी झाली. सीन जरा फिरवला की चित्र अडखळायचं. रूममेट म्हणाली, "रॅम वाढव." शेजारची म्हणाली, "फॉरमॅट मार." मी सरळ घरी फोन लावला. बाबा क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "बघतो गं, पुढच्या आठवड्यात पाठवतो." ते गप्प होणं मला काही झोपू देईना. म्हटलं, पैसे यायच्या आत रोग तरी नक्की शोधू.

पहिला प्रश्न : गेम हळू आहे की एडिटर? बिल्ड काढून गेम वेगळा चालवला. सुसाट पळाला! म्हणजे गडबड एडिटरमध्येच.

दुसरा प्रश्न : मशीन कुठे अडतंय? टास्क मॅनेजर उघडा. रॅम गच्च असेल तर रॅमच हवी. डिस्क सारखी 100 टक्क्यांवर असेल तर असेट इम्पोर्ट किंवा अँटीव्हायरसवर संशय घ्या. माझी तर रॅमही मोकळी होती आणि डिस्कही शांत.

मग प्रोफायलर उघडला. तो एरवी चालू गेमचं मोजमाप करतो; वर 'एडिट मोड' निवडला की खुद्द एडिटरचं करतो. सेकंदाला 60 फ्रेम हव्यात तर एका फ्रेमला फक्त 16.6 मिलिसेकंद मिळतात. माझा जवळजवळ सगळा वेळ एकच फंक्शन खात होतं : ऑन-ड्रॉ-गिझमोज. आणि ते लिहिलं होतं मीच!

गिझमो म्हणजे फक्त एडिटरमध्ये दिसणाऱ्या मदतीच्या रेघा. झाडांमधलं अंतर कळावं म्हणून मी प्रत्येक झाडापासून दुसऱ्या प्रत्येक झाडापर्यंत रेघ काढली होती आणि विसरून गेले होते. 30 झाडं होती तेव्हा रेघा 870, काही जाणवलं नाही. 300 झाल्यावर 89,700! झाडं दहापट, रेघा शंभरपट, आणि सीन रंगेल तेव्हा दर वेळी. फंक्शनचं नाव बदलून ऑन-ड्रॉ-गिझमोज-सिलेक्टेड केलं. आता निवडलेल्या झाडाच्याच 299 रेघा निघतात. एडिटर पुन्हा पळायला लागला.

तुमच्याकडे असं झालं तर आधी सीन व्ह्यूमधलं गिझमोज बटण बंद करून बघा. वेग आला तर चोर सापडला. 'अपडेट'मध्ये विसरलेला डीबग-लॉगही असाच छळतो, कारण तो दर फ्रेमला कन्सोलमध्ये ओळ टाकतो. आणि कुणी लायब्ररी फोल्डर उडवायला सांगितलं तर युनिटी बंद करून मगच उडवा. तो पुन्हा तयार होतो, पण सगळे असेट नव्याने इम्पोर्ट होतात, तेवढ्यात मेसमध्ये जेवून याल. असेट्स फोल्डरला मात्र हात लावू नका, तो परत येत नाही!

सकाळी बाबांना फोन केला. "पैसे नकोत, लॅपटॉप बरा झाला."

"काय झालं होतं गं त्याला?"

"त्याला काही नव्हतं बाबा, मलाच झालं होतं."